दालसिर मास्तर आणि शुक्रवारची प्लेट

दालसिर मास्तरांनी पाच वर्षांत चारशे बारा पोरापोरींना जहाजाचं वेल्डिंग शिकवून परीक्षेला बसवलं. त्यातले चारशे अकरा पास झाले. राहिली एकटी मरीलेई, आणि तिला नापास केलं ते खुद्द मास्तरांनी. आमच्या रिओ ग्रांदे बंदरात ही गोष्ट कुणी मोठ्याने बोलत नाही, कारण मास्तर अजून इथेच राहतात, पावाच्या दुकानात रोज भेटतात आणि भेटले की टोपीला हात लावतात. भल्या माणसाबद्दल बोलायला जीभ कचरते. पण झालं ते झालं, आणि कुणीतरी ते नीट सांगायला हवं.

मास्तर जन्माने काही मास्तर नव्हते. त्यांची आई मासळीच्या कारखान्यात उभी राहून दिवसभर सार्डिनची डोकी छाटायची, आणि बाप कुठे होता ते त्या बापालाच ठाऊक. दालसिर चौथीनंतर शाळेत गेला नाही. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या मासेमारी बोटींच्या पोटाखाली लोळत तो वेल्डिंग शिकला. शिकला म्हणजे काय, बिबियानो नावाच्या एका खडूस म्हाताऱ्याच्या लाथा खाल्ल्या. जोड वाकडा गेला की बिबियानो गरम रॉडचं टोक पोराच्या मनगटाला टेकवायचा आणि म्हणायचा, "आता लक्षात राहील." लक्षात राहिलंही. मास्तरांच्या डाव्या मनगटावर पाच डाग आहेत. पुढे आपल्या शाळेत त्यांनी एकाही पोरावर हात उगारला नाही, तो त्या पाच डागांमुळेच.

अजून एक गोष्ट त्यांच्या लक्षात राहिली होती. तिशीत असताना त्यांनी एका बोटीवर जाळं ओढायच्या रहाटाचा पाया घाईत जोडला होता. मालक डोक्यावर उभा होता, वारा पडला होता, बोटीला निघायचं होतं. जोडात थोडी खोट आहे हे दालसिरला दिसत होतं, पण चालून जाईल म्हणाला. तिसऱ्या फेरीला तो पाया उखडला आणि एका खलाशाची तीन बोटं गेली. तो खलाशी कधी काही बोलला नाही, उलट रस्त्यात हात हलवायचा. त्या हलणाऱ्या हाताकडे बघून दालसिरने स्वतःशी शपथ घेतली की पुन्हा आयुष्यात 'चालून जाईल' म्हणायचं नाही.

मग एके वर्षी आमच्याकडे जहाजांचा कारखाना आला. आभाळाला टेकलेली पिवळी क्रेन उभी राहिली, ती खाडीच्या दोन्ही काठांवरून दिसायची. घरं भाड्याने मिळेनात, पावाच्या दुकानात रांगा लागल्या, ज्याच्याकडे एक जादा खोली होती त्याने तिचं हॉटेल केलं. वेल्डर पाहिजेत, पाहिजेत म्हणून नुसती बोंब उठली. इंजिनिअरांनी गावातल्या जुन्या लोकांची परीक्षा घेतली, आणि दालसिरच्या जोडाचा एक्स-रे उजेडावर धरून त्यातला एक जण म्हणाला, "बाबा, तुम्ही जहाजावर नका जाऊ. तुम्ही शिकवा."

शिकवायचं! चौथी पास माणसाला! त्या दिवशी त्यांना पांढरं हेल्मेट मिळालं, त्यावर पुढे 'मास्तर' लिहिलेलं. ते घालूनच ते घरी आले, ते घालूनच जेवले.

"झोपताना तरी काढ रे म्हाताऱ्या," त्यांची बायको नेल्सी म्हणाली, "उशी फाटेल माझी."

दहा महिन्यांची उमेदवारी असायची, आणि दर दीड महिन्याला नवी तुकडी बसायची. पोरं यायची ती काल-परवापर्यंत कांदे उपटणारी, कोळंबी सोलणारी, नाहीतर काहीच न करणारी. मास्तर त्यांना आधी महिनाभर रॉड हातात धरू द्यायचे नाहीत, नुसतं ऐकायला लावायचे. जोड नीट चालला असेल तर तव्यावर मासा तळल्यासारखा आवाज येतो, सलग, एका लयीत. चरचर तुटली, मधेच फटफट झाली, की समजायचं आत काहीतरी बिघडलंय. सगळ्या पोरांना पाठमोरं उभं करायचं, मागे पडदे लावलेल्या सहा खोपटांत सहा जण वेल्डिंग करतायत, आणि मास्तर विचारणार, "सांगा, कुणाचं चुकतंय?"

"तिसऱ्याचं!"

"नाही मास्तर, पाचव्याचं!"

सगळे अंदाजपंचे ठोकायचे. शेवटच्या तुकडीतली मरीलेई मात्र मान कलती करून ऐकायची आणि म्हणायची, "दुसऱ्याचं. त्याचा रॉड ओला आहे."

रॉड ओलाच निघायचा.

ही मरीलेई पलीकडच्या काठावरची, कांदेवाल्यांची. रोज पहाटेच्या लाँचने खाडी ओलांडून यायची. एकोणीस वर्षांची, हडकुळी, आणि हाताला कांद्याचा वास, जो साबणाने जात नाही. तुकडीत ती एकटीच मुलगी, बाकी अकरा पोरगे. पहिल्या आठवड्यात एदिनेई नावाच्या वात्रटाने तिला छेडलं.

"ए कांदेवाली, मास्क घातला तरी आमच्या डोळ्यांत पाणी येतंय बघ!"

"माझ्यामुळे नाही रे येत," ती म्हणाली, "स्वतःचा जोड बघून येतंय."

अख्खी शेड हसली. मास्तरही हसले, पण तोंड वळवून. पोटचं पोर नव्हतं त्यांना. नेल्सीला दोनदा दिवस गेले आणि दोन्हीदा वाया गेले, त्यावर घरात कधी बोलणं नाही. आता ही पोरगी शनिवारी लाँच चुकली की त्यांच्याकडे जेवायची, नेल्सीला मावशी म्हणायची, आणि नेल्सी तिच्या ताटात राजमा-भाताचा डोंगर रचायची. मास्तरांचा जीव तिच्यावर जडला होता. म्हणूनच शाळेत ते तिच्याशी सगळ्यांहून कडक वागायचे. कुणी म्हणायला नको, मास्तर लाडाच्या पोरीला झुकतं माप देतात.

आता पास होणं म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. परीक्षेत दोन जाड प्लेटा उभ्या धरून एकमेकींना जोडायच्या. जोडाचा एक्स-रे काढायचा. आत छिद्र नाही, भेग नाही असं ठरलं की कारखान्याचा कागद मिळायचा आणि त्याबरोबर पोलादी ठसा, त्यावर तुमचा नंबर. जहाजावर जो जोड कराल त्याच्या शेजारी हातोडीने तो ठसा उमटवायचा. उद्या समुद्रात काही झालं तर नंबर सांगेल, हे कुणाच्या हातचं. शिकाऊ पोरांनी केलेल्या कामावर मास्तर स्वतःचा ठसा मारायचे, सतरा नंबर. जबाबदारी त्यांची.

आणि ठसा मिळाला की पोरं पहिला घाव लोखंडावर घालायची नाहीत, आपल्या जेवणाच्या चमच्याच्या दांड्यावर घालायची. ही पद्धत कुणी पाडली देव जाणे. पण कारखान्याच्या खानावळीत ज्याच्या चमच्यावर नंबर तो वेल्डर, ज्याचा चमचा कोरा तो अजून पोरगाच. मरीलेईच्या आईने परीक्षेच्या महिनाभर आधीच जाड दांड्याचा नवा चमचा आणून ठेवला होता.

परीक्षा डिसेंबरात झाली. पलीकडे कांद्याची काढणी ऐन भरात होती आणि मरीलेईचा बाप कुरकुरत होता, की हात इथे कमी पडतायत आणि ही तिकडे ठिणग्या उडवतेय. कारखाना बंद पडणार अशी हूल सहा महिने उठत होती, ऐकून ऐकून सगळ्यांचे कान किटले होते. मास्तर म्हणायचे, "अर्धं जहाज गोदीत उभं आहे. अर्धं जहाज टाकून कोण जातं?"

गुरुवारी बाराही जणांनी प्लेटा जोडल्या. शुक्रवारी दुपारी एक्स-रेच्या फिल्म आल्या. त्या वाचायचं काम खरं तर तपासनिसाचं. साओ पावलोकडचा तरुण पोरगा, पण त्या दिवशी तो आपल्या टेबलाचे खण खोक्यात रिकामे करत होता.

"अकरा एकदम स्वच्छ," तो म्हणाला. "या बाराव्या फिल्मवर एवढासा ठिपका आहे. नियमाच्या अगदी काठावर. तुमचं काय म्हणणं, मास्तर? तुम्ही म्हणाल ते लिहितो. पाचला माझी गाडी आहे."

मास्तरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर ठेवली. बारावी म्हणजे मरीलेईची. जोडाच्या पांढऱ्या पट्ट्यात, मधोमध, मोहरीएवढा काळा ठिपका. त्यांना तो खलाशी आठवला, त्याचा हलणारा हात आठवला. आणि खोटं कशाला बोला, अजून एक गोष्ट आठवली. इंजिनिअर सगळ्यांसमोर म्हणाला होता, दालसिरच्या हातून पुढे गेलेला एकही जोड खोट निघून परत आला नाही. ते वाक्य मास्तरांनी नेल्सीला किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नाही.

"पुन्हा," मास्तर म्हणाले. "सोमवारी पुन्हा करेल ती. चांगली करेल."

"सोमवारी," तपासनिसाने मान डोलावली, अकरा कागदांवर सही केली आणि खोक्याला चिकटपट्टी लावली.

मास्तरांनी मरीलेईला बोलावलं. तिच्या प्लेटवर, ठिपका होता नेमकं तिथे, पिवळ्या रंगाने गोल काढला आणि बाजूला लिहिलं, 'पुन्हा'. मग त्यांच्या पद्धतीप्रमाणे ती फिल्म आपल्या खिशात ठेवली. मरीलेईने प्लेटकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि "बरं, मास्तर," एवढंच म्हणाली. बाहेर अकरा पोरं चमचे ऐरणीवर ठेवून ठणाठण ठोकत होती. ती त्यांच्यामधून वाट काढत लाँचकडे गेली. एदिनेईने हाक मारली, "अगं कांदे, सोमवारी तुझ्या चमच्याचा घाव मी घालणार!" तिने मागे न बघता हात हलवला.

सोमवारी फाटकाला साखळी होती.

तीन हजार माणसं उन्हात उभी. कंत्राट रद्द, काम थांबलं, आपापले हक्क अमुक कचेरीत मागा, असा एक कागद फाटकाला डकवलेला. कुणी शिव्या देत होतं, कुणी नुसतं जमिनीवर बसलं होतं. त्या गर्दीत मरीलेई मास्तरांना शोधत आली. पाठीला पिशवी, त्यात मास्क, हातमोजे, आणि फडक्यात गुंडाळून गरम ठेवलेले कोरडे रॉड. तिने रॉड पहाटे उठून चुलीवर शेकले होते.

"मास्तर," ती म्हणाली, "आज परीक्षा कुठे घ्यायची?"

मास्तरांनी तिची पिशवी आपल्या हातात घेतली, उगीचच, आणि दोघं त्या साखळीकडे बघत उभी राहिली.

त्यानंतर मास्तरांनी काय नाही केलं! कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, युनियनवाल्यांच्या मागे लागले, साओ पावलोच्या त्या तपासनिसाला फोन केले. तो म्हणाला, "मी आता पाइपलाइनवर आहे मास्तर, माझी सही आता तिथे चालत नाही." कारखान्याचा शिक्का कारखान्यासोबत गेला होता. एक कागद, एक सही, बस्स, पण ती देणारा माणूसच पृथ्वीतलावर उरला नव्हता.

एदिनेई आणि बाकीचे दहा जण उत्तरेला इताजाईच्या गोदीत लागले. तिथेही माणसं भाराभर होती, पण कागदवाल्यांना निदान दारात उभं करायचे. मरीलेईही रात्रभर बसमध्ये बसून गेली. एदिनेईने तिची शिफारस केली, मुकादमाला सांगितलं की हिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. मुकादमाने विचारलं, "कागद?" ती म्हणाली, "एक जोड करून दाखवते." तो म्हणाला, "पोरी, माझ्याकडे कागदवाले दोनशे उभे आहेत." ती दुसऱ्या बसने परत आली आणि कांदे काढायला लागली.

पहिलं वर्षभर मास्तर तिला दर शनिवारी घरी बोलवायचे. परसात जुनं मशीन होतं, भंगार पत्रे होते. "हाताचं वळण मोडता कामा नये," म्हणायचे, "कधीतरी फाटक उघडेल." ती यायची, जोड करायची, नेल्सीमावशीच्या हातचं जेवायची. मग एकदा सर्दी झाली म्हणून आली नाही, एकदा बापाची पाठ धरली म्हणून आली नाही, आणि मग आलीच नाही. फाटक काही उघडलं नाही. वेल्डर पोटासाठी मांस भाजायच्या शेगड्या बनवून विकू लागले. गावात माणसांपेक्षा शेगड्या जास्त झाल्या आणि भाजायला मांस कुणाकडे नव्हतं. मास्तरही शेगड्याच करायचे. पांढरं हेल्मेट खुंटीला होतं, नेल्सी ते महिन्यातून एकदा पुसायची, आणि त्याबद्दल कधी चेष्टा करायची नाही.

चार वर्षांनी एका दुपारी दार वाजलं. मरीलेई दारात. अंगावर कामाचे जाड कपडे, हातावर नवे भाजल्याचे डाग.

"मास्तर, नोकरी लागली," ती म्हणाली. "कारखान्यात."

मास्तर ताडकन उठले. हातातला शिमाराँवचा, आमच्याकडच्या कडू चहाचा, तुंबा कलंडला, हिरवा पाला टेबलावर सांडला. "कारखान्यात? आपल्या? नेल्सी! अगं ऐकलंस का, फाटक उघडलं! कुठला जोड देतायत? उभा? डोक्यावरचा?"

"कापायची नोकरी आहे, मास्तर."

मास्तर उभेच राहिले.

"ते अर्धं जहाज भंगारात विकलंय," ती म्हणाली. "तुकडे करून ट्रकमध्ये भरायचे. गॅसचं कटर चालवायचं. त्याला कागद लागत नाही."

नेल्सी आतून फडकं घेऊन आली आणि सांडलेला पाला पुसू लागली. बराच वेळ पुसत राहिली.

"कापताना ठसे दिसतात," मरीलेई म्हणाली. "परवा तुमचा सतरा नंबर दिसला. आमच्याच तुकडीचं काम असणार. मी त्याच्या बाजूने कापलं, त्याच्यावरून नाही." मग तिने पिशवीत हात घातला. "आता शाळेची शेडही रिकामी करतायत. परीक्षेच्या सगळ्या प्लेटा मांडणीवर तशाच होत्या. ही माझी. म्हटलं तुम्हाला दाखवावी. भंगाराच्या मुकादमाला सांगून आणलीय, शनिवारी परत न्यायची."

धूळ पुसली तर पिवळा गोल तसाच होता, आणि बाजूला मास्तरांच्या जाड अक्षरात 'पुन्हा'. ती फार थांबली नाही, लाँचची वेळ झाली होती.

ती गेल्यावर प्लेट टेबलावर राहिली. मास्तर तिच्याभोवती दोन दिवस घुटमळत होते. चार वर्षं त्यांनी स्वतःला एकच गोष्ट सांगितली होती: मी कडक वागलो, नशीब वाईट निघालं, पण छिद्र होतं. खोट होती ती होती. एवढ्या एका वाक्यावर माणूस उभा होता. आता ती खोट हाताच्या अंतरावर होती, पिवळ्या गोलाच्या आत, आणि घरात करवत होती.

"नको कापू," नेल्सी म्हणाली. "कापून काय मिळणार आहे तुला?"

"एकदा डोळ्यांनी बघतो. मग स्वस्थ झोपेन."

त्यांनी प्लेट शिकंज्यात धरली आणि हाताच्या करवतीने, गोलाच्या बरोब्बर मधून, सकाळभर घासत कापली. कापलेली कड कानशीने सपाट केली, पॉलिश पेपरने आरशासारखी केली, वर तेजाबाचा बोळा फिरवला. जोडाचे थर एकावर एक दिसले, नीट बसलेले. छिद्र नव्हतं. मास्तर म्हणाले, सरकलं असेल इकडेतिकडे. सुताएवढ्या अंतरावर दुसरा काप घेतला. नव्हतं. तिसरा घेतला, चौथा घेतला. शुक्रवारपर्यंत गोलाचे पार काप काप झाले, करवतीची चार पाती गेली, हाताला फोड आले. आणि प्रत्येक काप आतून असा होता की मास्तरांनी स्वतः केला असता तर फुशारकीने इंजिनिअरला दाखवला असता.

मग त्यांनी खणातून ती फिल्म काढली. चार वर्षं विजेच्या बिलांखाली जपून ठेवलेली. खिडकीशी नेली. ठिपका होता. फोड आलेल्या हातात फिल्म सरळ धरवेना, ती जरा कलली, आणि तिरक्या उजेडात ठिपक्याभोवती एक बारीक कडा चमकली, पाण्याचा थेंब वाळून काचेवर उरते तशी. मास्तरांनी नेल्सीचं शिवणाचं भिंग लावून पाहिलं. डाग फिल्मच्या अंगावर होता. फिल्म धुताना पाण्याचा एक थेंब तिच्यावर राहिला आणि वाळला. लोखंडात काहीच नव्हतं, कधीच नव्हतं.

फिल्म तिरकी धरून बघायची, ही फिल्म वाचणाऱ्याची पहिली रीत. त्या तपासनिसाला ती येत होती, पण तो खोकी भरत होता. मास्तरांना कुणी शिकवलीच नव्हती. त्यांना बिबियानोने शिकवलं होतं, बोटीखाली, रॉडचे चटके देऊन. चारशे बारा जणांना शिकवणाऱ्याला स्वतःला कुणी धड शिकवलं नव्हतं, आणि पांढऱ्या हेल्मेटखाली हे कुणालाच दिसलं नाही, त्यांना स्वतःलाही नाही.

ते खिडकीशीच खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. नेल्सीने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. 'मी म्हटलं नव्हतं का?' असं ती म्हणाली नाही.

"तिला सांगू नकोस," थोड्या वेळाने ती म्हणाली. "तिचं पोट कसंबसं भरतंय. कशाला तिच्या जिवाला घोर."

"मोडकी प्लेट परत देऊ, आणि वर काही सांगू नको?"

"पडून तुटली म्हणून सांग."

"पाऊण इंच जाडीची आहे, नेल्सी."

शनिवारी दुपारी मरीलेई आली. नेल्सीने राजमा-भात वाढला, वर बोई माशाचा तळलेला तुकडा. पोरीने पिशवीतून स्वतःचा चमचा काढला, खानावळीची सवय. जाड दांड्याचा, कोरा. मास्तरांनी तो पाहिला. त्यांनी ताट बाजूला सारलं, उठले, फडक्यात बांधलेले तुकडे आणून तिच्यापुढे उघडले, शेजारी फिल्म ठेवली.

"छिद्र नव्हतं, पोरी," ते म्हणाले. "पाण्याचा डाग होता, फिल्मवर. मला वाचता आली नाही. तुझी प्लेट चांगली होती. तू पास होतीस. शुक्रवारीच पास होतीस."

मरीलेई जेवायची थांबली. एक काप उचलून तिने उजेडाकडे धरला, अंगठा फिरवला. चेहऱ्यावर काही उमटलं नाही, आणि त्यानेच मास्तर जास्त घाबरले. ती ओरडली असती, ताट फेकलं असतं, तर बरं झालं असतं.

"मला ठाऊक होतं, मास्तर," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"आत काही नाही ते. जोड करताना ऐकलं होतं ना. खालपासून वरपर्यंत एकदाही तुटला नाही आवाज. तुम्हीच शिकवलं होतं ऐकायला."

"मग बोलली का नाहीस?" मास्तरांचा आवाज चिरकला. "त्या दिवशी, तिथे, तोंड का नाही उघडलंस? एक शब्द बोलायचास!"

"तुम्ही मास्तर होतात," ती म्हणाली. मग जरा थांबून तिने विचारलं, तक्रार म्हणून नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं, "बोलले असते, तर ऐकलं असतंत?"

मास्तरांनी खरं उत्तर शोधलं. त्यांना ती शुक्रवारची दुपार आठवली, ती उजेडाची पेटी, दारात उभी असलेली कांद्याच्या वासाची पोरगी, आणि आपल्या डोक्यावरचं हेल्मेट. त्यांनी मान खाली घातली. "नाही," ते म्हणाले. "नसतं ऐकलं."

मरीलेईने मान हलवली आणि ताटातलं राहिलेलं संपवलं. नेल्सीमावशी एप्रनचं टोक डोळ्याला लावून चुलीकडे तोंड करून उभी होती. जेवण झाल्यावर पोरीने चमचा धुतला, पुसला, पिशवीत टाकला. मग टेबलावरचे तुकडे एक एक करून फडक्यात गोळा करू लागली.

"ते राहू दे इथे," मास्तर म्हणाले. "एवढं तरी राहू दे माझ्याकडे."

"नाही जमायचं, मास्तर. मुकादमाने नोंद केलीय. सोमवारी ट्रक भरतोय." तिने फडक्याला गाठ मारली. "तुकडे असले तरी चालतील. तिथे वजनच करतात."

फिल्म तिने टेबलावरच ठेवली. पिशवी खांद्याला लावली तेव्हा खांदा खाली ओढला गेला. मास्तर पुढे झाले, धक्क्यापर्यंत मी घेतो म्हणाले.

"राहू द्या," ती म्हणाली. "मला सवय आहे."

आणि ती लाँच गाठायला निघून गेली.